शंभर मोहरांची सनद

"इतिहास शिकवायचा असेल तर सनद दाखवा! नाहीतर दसऱ्याला शाळेला कुलूप!"

भानुराजाचा हा हुकूम घेऊन घोडेस्वार पाथरवाडीत आला, तेव्हा देवळाच्या ओवरीत हौसाबाईची शाळा भरली होती. हौसा म्हणजे सयाजी पाथरवटाची लेक. गावची तीस पोरं तिच्या हाताखाली शिकत होती. गावाला दुसरी शाळा नव्हती, आणि हौसाचा सगळा जीव त्या पोरांत गुंतलेला.

सनद मिळायची राजधानीच्या विद्यामंडपात. वाट चार दिवसांची, फी शंभर मोहरा! हौसाला गावाकडून वर्षाला मिळायची चार पोती जोंधळा आणि दिवाळीला एक लुगडं. तिने राजाला अर्ज लिहिला, 'शाळा टाकून येता येत नाही, फीही परवडत नाही. काही सवलत मिळेल का?'

राजा पक्का हट्टी! त्याचं उत्तर आलं, 'फीत एक कवडी कमी होणार नाही. परीक्षा माझ्यासमोर आणि विद्यामंडपाच्या बाराही शास्त्र्यांसमोर द्यायची. आणि शाळेची एवढी काळजी आहे ना? मग शाळा एक दिवस जरी बंद राहिली, तरी सनद नाही!'

सयाजीने कपाळाला हात लावला. "आता गं? शाळा हितं, परीक्षा तितं. तू काय दोन हौसा हायेस व्हय?"

"एकच आहे, आबा. म्हणून मी जात नाही. त्यांनाच बोलावते."

"राजाला? आन् त्यो येतोय व्हय तुझ्या सांगण्यावरनं?"

"माझ्या नाही, त्यांच्याच पोथीच्या सांगण्यावरून येईल!"

ही पोथी विद्यामंडपाने सगळ्या शाळांना वाटली होती. लिहिणारे मुख्य शास्त्री वाचस्पतिबुवा. त्यात ठासून लिहिलं होतं, 'जुनी शिळा कागदाप्रमाणेच वरून खाली वाचावी.' आणि पाथरवाडीच्या देवळापुढेच एक वीरगळ उभा होता, लढाईत पडलेल्या वीराची, एकावर एक चौकटींत चित्रं कोरलेली शिळा. तो वीर म्हणजे खुद्द राजाचे पणजोबा, नागदेवराव!

हौसाने बोरू उचलला आणि दुसरं पत्र लिहिलं.

'महाराजांना साष्टांग दंडवत. विद्यामंडपाच्या पोथीबरहुकूम आमच्या गावच्या शिळेचा इतिहास मी येत्या पौर्णिमेपासून शिकवणार आहे. तो असा. महाराजांचे पणजोबा शंकराची पूजा करीत होते. पूजा अर्धवट टाकून ते उठले. अप्सरांनी त्यांना धरून स्वर्गाबाहेर काढले. शेवटी ते गुरांच्या पायांत आडवे पडले. काही चूक असल्यास समक्ष दाखवावी.'

पत्र वाचून राजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घोडे काढा! बाराही शास्त्र्यांना घ्या!"

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पाथरवाडीत धुरळा उडाला. शाळा भरलेलीच होती.

"पोरांनो, पाहुणे आलेत. जरा सरकून बसा," हौसा म्हणाली. बारा शास्त्री गोणपाटावर मांडी घालून बसले. त्यांचं तिथे दुसरं काही चालणारही नव्हतं.

"माझा पणजोबा पूजा टाकून उठला? गुरांच्या पायांत पडला?" राजा गरजला.

"पोथी म्हणते, महाराज. शास्त्रीबुवा, शिळा वरून खालीच वाचायची ना?"

"अर्थात!" वाचस्पतिबुवा म्हणाले. "कुठलंही वाचन वरून खालीच असतं!"

"म्हणजे नागदेवराव आधी स्वर्गात गेले आणि मग लढाईत मेले?"

बुवा वाकून शिळा न्याहाळू लागले.

"आमच्या गावात माणूस आधी मरतो, मग वर जातो. राजधानीत उलटं असतं का हो?"

पोरं खिदळली. एका शास्त्र्याला उगाचच खोकला आला.

हौसा शिळेपाशी गेली आणि अगदी खाली बसली. "महाराज, हा इतिहास इथून वाचायचा. चोर गावची गुरं हाकून नेत होते. नागदेवराव एकटे आडवे आले, लढले आणि इथे पडले. मधल्या चौकटीत अप्सरा त्यांना वर नेताहेत. आणि सगळ्यात वर ते शंकरापुढे हात जोडून बसलेत. पाथरवट वीरगळ खालून वर घडवत जातो. पोथीत हे नाही, कारण पाथरवटांना कुणी विचारलंच नाही! तुमचे पणजोबा आमच्या गुरांसाठी मेले, महाराज. आम्ही अजून दर अमावास्येला इथे दिवा लावतो."

राजाचे डोळे भरून आले. त्याने शिळेपुढे डोकं टेकवलं. मग उठून म्हणाला, "मी समोर, बारा शास्त्री समोर, आणि शाळाही चालू! परीक्षा झाली. सनद लिहा!"

"पण फी, महाराज!" वाचस्पतिबुवा फणकारले. "एक कवडी कमी नाही, आपलाच शब्द!"

राजा अडकला. "हौसाबाई, माझा शब्द मला मोडता येत नाही गं."

"मोडू नका, महाराज. शास्त्रीबुवा, फी कुणी कुणाला द्यायची असते?"

"शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याला! एवढंही ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे. मग सांगा, आज इथे शिकलं कोण?"

बुवांनी कमरेची थैली घट्ट धरली. राजा मात्र पोट धरून हसू लागला. "काढा, बुवा! शंभर मोहरा काढा!"

बुवांनी कुरकुरत कमरेची थैली सोडून हौसाच्या हातात ठेवली. हौसाने तिच्यातल्या मोहरा मोजल्याही नाहीत. थैली तशीच परत त्यांच्यापुढे धरली. "ही घ्या माझी फी. एक कवडी कमी नाही!"

आता तर राजाला हसू आवरेना. सनदेवर शिक्का त्याने स्वतः उमटवला, आपल्या गळ्यातला मोत्यांचा कंठा हौसाच्या ओंजळीत घातला आणि तिथल्या तिथे हुकूम सोडला, "यापुढे शाळा टाकून कुणी परीक्षेला यायचं नाही. शास्त्र्यांनीच गावोगाव जायचं, आणि तेही बिनफीचं! पहिला मुक्काम इथेच. बुवा, उद्यापासून महिनाभर पोरांबरोबर बसा!"