भुकेला कोळसा

एका माळरानावर एक गाव होते आणि त्या गावात एक हट्टी सून होती. नवरा वारल्यावर घरात ती आणि म्हातारा सासरा अशी दोघेच उरली. त्यांचे रान उताराचे. पाऊस पडला की पाणी वाहून जाई आणि माती पुन्हा कोरडी ठणठणीत. ज्वारी गुडघ्याला लागायच्या आत वाळायची, तूर तेवढी कशीबशी तग धरायची.

सासरा कंटाळला. म्हणाला, "सूनबाई, पुरे झालं. धाकट्या लेकाच्या गावी जाऊन राहू. दोन घास तोही घालील."

"दुसऱ्याच्या दारी घास खायचे? मला नाही जमणार, मामंजी. मला या रानात दोन पावसाळे द्या."

"दोन. त्यावर एक नाही," म्हातारा म्हणाला.

गावाची रीत अशी, की उन्हाळ्यात तुराट्यांचे ढीग रानातच पेटवायचे. ज्याचा जाळ उंच, त्याचे रान भाग्याचे. आणि रानातला जाळ पाण्याने विझवायचा नाही. तो आपोआप निवला पाहिजे. मग गावभर धूर कोंडायचा, म्हातारी माणसे खोकून बेजार व्हायची आणि राख पहिल्याच वावटळीत उडून जायची. पण रीत ती रीत!

सुनेने मात्र एक जागा हेरली होती. वेशीबाहेर पूर्वी लोहारांचा तळ पडायचा. तिथल्या मातीत कोळशाची चुरी मिसळलेली होती आणि भर उन्हातही तिथली हरळी हिरवी असायची. उकरले की बोटांना ओल लागायची. हा कोळसाच पाणी धरून ठेवतो, हे तिने ओळखले.

तिने रानात खड्डा खणला आणि तुराट्या थोड्या थोड्या टाकत पेटवल्या. निखाऱ्यांवर पांढरी राख धरू लागताच वरून घागरी ओतल्या. खड्ड्यात काळाभोर कोळसा उरला. धूरही फारसा झाला नाही, पण ते कोणाला दिसले नाही.

"रानाचा जाळ विझवला बाईनं! आता काय उगवतंय ते बघा," लोक म्हणाले.

तिने कोळसा कुटून मातीत मिसळला, ज्वारी पेरली. ज्वारी उगवली आणि पिवळी पडली, दरवर्षीपेक्षाही वाईट. गाव खूश झाले. गावाला अशा वेळी फार आनंद होतो.

ती बांधावर बसून रडली. मग डोळे पुसून उठली आणि लोहारांच्या तळावर जाऊन पुन्हा माती उकरू लागली. हाताला लाकूड लागले. बैल बांधायचा कुजका खुंट होता तो! तेव्हा तिला उमगले. लोहारांचे बैल त्या कोळशावरच उभे राहत, त्यांचे शेणमूत त्यातच मुरलेले. तिने कोळसा घेतला होता, बैल विसरली होती. कोरा कोळसा भुकेला असतो, मातीतला कस आधी तोच खातो.

दुसऱ्या उन्हाळ्यात तिने पुन्हा खड्डा पेटवला.

"लोक काय बोलतात ते कानावर येतं ना?" सासऱ्याने विचारले.

"येतं. तुम्ही तेवढी घागर भरून द्या, मामंजी."

म्हाताऱ्याने कुरकुरत का होईना, घागर भरून दिली. या वेळी कोळसा तिने गोठ्यात गुरांच्या पायाखाली पसरला, शेण आणि गोमूत्रात चांगला मुरू दिला आणि मगच रानात नेला.

त्या वर्षी पाऊस आला आणि मध्येच गडप झाला. गावची ज्वारी सुकून सुरळी झाली. सुनेची मात्र ताठ उभी राहिली, कणसे दाण्यांनी भरली. ज्यांनी हसून घेतले होते तेच आता बांधावर येऊन विचारू लागले, "वहिनी, खड्डा केवढा खणायचा?" तिने सगळे सांगितले. भुकेल्या कोळशाचे आधी सांगितले.

सासरा रानात गेला. त्याने मातीत हात खुपसला, तर बोटांना ओल लागली. त्याचे डोळे भरून आले.

"सूनबाई, धाकट्याला निरोप धाड," तो म्हणाला. "म्हणावं, आम्ही काही येत नाही. तूच हुरडा खायला ये."

तात्पर्य: चुकीची रीत मोडायला हिंमत लागते, पण स्वतःची चूक उकरून पाहायला त्याहून जास्त लागते. जो दोन्ही करतो, त्याला माती उपाशी ठेवत नाही.