जोतीदादाच्या जीपचं बॉनेट

"कशाचं माप घेतलंस?"

उस्तादांनी तिसऱ्यांदा विचारलं. मी टेबलाकडे बघत होतो.

टेबलावर दादाची जीप होती. हातभर लांब, तेलाच्या डब्याच्या पत्र्याची. तांब्याच्या तारेचं स्टेअरिंग, फाटक्या ट्यूबचे टायर, सीटवर जुन्या रेनकोटचं कापड. सगळं झालेलं. फक्त बॉनेट नव्हतं. तिथे उघडं भोक होतं आणि भोकात दादानं बसवलेलं इंजिन.

मी केलेलं बॉनेट उस्तादांच्या तळहातावर होतं. त्यांनी ते भोकावर ठेवलं. मागे टेकवलं, तर पुढे फट. पुढे सरकवलं, तर मागे फट.

"तीन सूत कमी," ते म्हणाले. आठ सुतांचा एक इंच.

"मापात चूक नाही. खऱ्या गाडीचे दहा इंच, तर ह्या गाडीचा एक. चार वेळा मोजलंय मी."

"किती वेळा ते नाही विचारलं. कशाचं ते विचारलं."

"जीपचं."

"कुठल्या?"

"दादाच्या! दुसऱ्या कुठल्या?"

उस्तादांनी बॉनेट खाली ठेवलं.

दस्तगीर उस्तादांनी गडहिंग्लजला चाळीस वर्षं ट्रकच्या बॉड्या बांधल्या. आता थकले, म्हणून टेबलावर मावतील अशा लहान गाड्या करतात. माझा भाऊ जोतीराम स्टँडवरून पॅसेंजर भरून वडापची जीप चालवायचा. बुधवारी पॅसेंजर कमी, म्हणून बुधवारी तो इथे येऊन बसायचा. सहा वर्षं बसला. तीन गाड्या केल्या आणि चौथी स्वतःच्या जीपसारखी करायला घेतली. चौथी राहिली. मोठी जीप घाटात खाली गेली आणि तिच्यासोबत तोही गेला.

आई म्हणते, मेलेल्याचं अर्धं काम घरात ठेवायचं नाही. सोमवारी महिना भरतो. तोवर पुरी झाली तर ठेव, नाहीतर नदीत सोडायची. मी म्हणालो, नदीत मी उडी मारीन, गाडी जाणार नाही.

आज शनिवार होता.

उस्तादांनी मला आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं. स्टँडच्या बाहेर तशीच एक जीप उभी असते, तिच्या बॉनेटचं माप आण. मी मान हलवली आणि सरळ पोलीस ठाण्याच्या मागे गेलो. दादाची गाडी तिथे पडली आहे. दादाच्या गाडीला दुसऱ्याच्या गाडीचं माप मी का घालू?

"खंडू," उस्ताद हळू म्हणाले, "ते बॉनेट चेपलंय रे."

मी बॉनेटकडे पाहिलं.

"चेपलेल्या पत्र्याचं माप घेऊन आलास तू."

मी टेप धरून अर्धा तास तिथे उभा होतो. पत्र्याला हात लावून उभा होतो. मला ते दिसलंच नव्हतं.

मी बॉनेट उचललं आणि कोपऱ्यातल्या भंगारात फेकलं.

"सातवीत शाळा सोडलीस म्हणतात, ते खरं दिसतंय."

"तुमच्यापेक्षा दोन इयत्ता जास्तच शिकलोय."

उस्ताद हसले. "तीन. मी चौथीतच पळालो."

मला हसू आलं नाही.

"तुम्ही करा ना," मी म्हणालो. "माझा हात पंक्चर काढायचा. तुमचा हात आहे. तासाभरात कराल."

"नाही."

"का?"

"जोतीनं मला ह्या गाडीत एक खिळा ठोकू दिला नाही."

"आता तो नाहीये!"

"म्हणून काय, ठोकू?"

मी जीप जवळ ओढली.

"दादाची मापांची वही होती. तीही गेली गाडीबरोबर. आता खरं माप आणायचं कुठून?"

उस्तादांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं एक जुनं पान फाडलं. जीपच्या उघड्या भोकावर पसरलं. कानशीवरची काळी पूड अंगठ्याला लावली आणि अंगठा भोकाच्या काठाकाठानं फिरवला. हळूहळू. कागदावर काळी रेघ उठली. पुढची कड, मागची कड, दोन्ही बाजू.

त्यांनी तो आकार कात्रीनं कापला आणि माझ्या हातात दिला.

मी कागद मधोमध दुमडला. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत. डावी बाजू थोडी लांब भरली.

"कागद सरकला तुमचा."

त्यांनी दुसरं पान घेतलं. पुन्हा अंगठा फिरवला, पुन्हा कापलं. मी पुन्हा दुमडलं.

तेवढंच. डावीकडे दीड सूत.

त्यांनी काटकोन बघायचा गुण्या उचलून गाडीला लावला. एका बाजूला तो चिकटून बसला. दुसऱ्या बाजूला उजेड दिसला.

"डावं मडगार्ड पुढे आलंय," ते म्हणाले. "जोतीनं वाकडं बसवलंय."

"दादा अशी चूक करणार नाही."

"केली."

"नाही केली!"

माझी मूठ टेबलावर आपटली. डबीतले स्क्रू सांडले.

"तुम्ही पण तेच? पंचनाम्यात लिहिलंय, चालकाची चूक. बाजारात तेच. परवा चहाच्या गाड्यावर एकाची कॉलर धरली मी. तेराव्याला मामा तेच बोलला, आमच्याच घरात, आमचंच जेवत. मी ताटावरून उठलो. माझा दादा चुकला नाही. कुणी काहीही लिहू दे."

उस्ताद वाकले आणि एकेक स्क्रू वेचू लागले.

"घाटात मी नव्हतो," मग म्हणाले. "तिथलं मला माहीत नाही. हे मडगार्ड बसवताना मी इथेच होतो. सांगितलं होतं त्याला, वाकडं जातंय."

"मग?"

"हसला."

"…हसला?"

"हसला आणि कथलाचा डाग देऊन तसंच जोडून टाकलं."

"कसा हसला?"

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी सरळ करतो ते," मी म्हणालो. "मडगार्ड उपटतो आणि गुण्यात बसवतो. मग बॉनेटही सरळ होईल. कुणाला बोलायला जागा नको."

"कर."

त्यांनी स्वतः पक्कड माझ्यासमोर सरकवली.

मी गाडी उलटी केली. पक्कड डागाला लावली. मडगार्डच्या आतल्या बाजूला हिरवा रंग होता. रंग ओला असताना दादानं तिथे धरलं असणार. त्याच्या अंगठ्याचा ठसा होता, रेषा न् रेषा दिसत होती.

पक्कड तशीच राहिली.

उस्ताद खिडकीबाहेर बघत होते. बाहेर कुणीतरी ट्रकचं चाक घरंगळत नेत होतं.

मी पक्कड खाली ठेवली. पत्रा ओढला. वाकडा कागद त्यावर ठेवला, खिळ्यानं रेघ मारली आणि कापायला लागलो.

पहिला पत्रा कात्रीत फाटला. दुसरा ठोकताना पिचला. उस्ताद म्हणाले, हातोडी आहे ती, जॅक नाही. तिसरा टिकला. बोट कापलं, चिंधी बांधली. कानस मारली, लावून पाहिलं. पुन्हा कानस मारली, पुन्हा लावून पाहिलं. दुपारची अजान झाली. उस्ताद नमाजला जाऊन आले, तरी मी तिथेच होतो.

मग एकदा लावलं आणि ते बसलं.

टक् असा आवाज झाला. इंजिन झाकलं गेलं. मी कडेनं नख फिरवलं. ते कुठेच अडलं नाही.

उठलो, दारापर्यंत मागे गेलो आणि तिथून पाहिलं.

"वाकडं दिसतंय."

"दिसणारच," उस्ताद म्हणाले.

"कुणालाही दिसेल."

"आंधळा नसेल त्याला दिसेल."

"म्हणतील, जोतीराम गेला आणि गाडीही वाकडीच करून गेला."

"म्हणतील."

"आणि ह्यानं बॉनेटही वाकडंच केलं म्हणतील."

"तेही म्हणतील. फट आहे कुठे?"

मी पुन्हा जवळ गेलो. चारी बाजूंनी पाहिलं.

"नाही."

"बघ नीट."

"नाही, उस्ताद. कुठेच नाही."

त्यांनी जीप फडक्यानं पुसली. दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे दिली. मी खुंटीवरची पिशवी घेतली आणि तिचं तोंड उघडलं.

"पिशवी ठेव," उस्ताद म्हणाले. "हातात धर आणि बाजारातून जा."