शोकेसमधले पाच स्पीकर

टीव्हीला अजून पाठीवर कुबड होतं, त्या काळी ओगल्यांच्या हॉलमध्ये पाच स्पीकर राहायला आले. त्यांतल्या मधल्याकडे माणसांचं बोलणं ऐकवायचं काम होतं, आणि पहिल्याच दिवशी त्याचं डोकं उठलं.

"तुम्ही दोघं सोफ्याच्या मागे जा रे, तुमची जागा तिथे आहे," तो धाकट्या दोघांना सांगून थकला.

"मागे आम्हाला कोण बघणार?" धाकटे म्हणाले.

ओगलेवहिनींच्याही मनात तेच होतं. त्यांनी पाचही जणांना उंचीप्रमाणे शोकेसमध्ये मांडलं आणि धूळ नको म्हणून काच सरकवली.

संध्याकाळी सिनेमा लागला. नायक हळूच काही सांगू लागला, तोच धाकट्यांनी सोफ्यामागून ऐकू यायचा पावसाचा आवाज मधल्याच्या अंगावरच ओतला. काचा थरथरल्या.

"काय म्हणाला तो?" सोफ्यावरून आजोबा दर वाक्याला विचारत होते. शेवटी वैतागून त्यांनी पाचही स्पीकर बंद केले. टीव्हीचा स्वतःचा बारीक आवाज मात्र सगळ्यांना नीट ऐकू आला.

पुढे वहिनी दर शनिवारी त्यांना पुसून ठेवायच्या. पाहुणे म्हणायचे, "छान आहेत हो. वाजतात का?"

"बघितलंस, सगळे आपल्याकडेच बघतात," धाकटे खुशीत म्हणायचे.

मधल्याला यावर घरच्यांना पुष्कळ ऐकवायचं असे. पण त्याला चालू कोण करणार?