चिमाचे दिवे

त्या राज्यात माणसे नव्हती. गाड्याच राहत, गाड्याच राबत आणि गाड्याच एकमेकींचा न्याय करत. तिथे कुणाचे वय कुणी विचारत नसे. पावसाळा सरला, की घाटाच्या तोंडाशी परीक्षेला उभे राहायचे, एवढाच नियम होता. जी पास होई तिच्या कपाळावर चुन्याचा पांढरा पट्टा ओढत, आणि वर्षभर घाट उतरून समुद्राच्या रस्त्यावर फिरायची तिला मुभा मिळे. नापास झालेलीने गावाच्या वेशीच्या आतच फिरायचे. लागोपाठ तिसऱ्यांदा नापास झालेल्या गाडीला भंगाराच्या माळावर नेत, आणि तिथून कुणी परत आल्याचे ऐकिवात नव्हते.

परीक्षक एक वृद्ध रोडरोलर होता. तो फार सावकाश बोले, पण त्या राज्यात त्याच्या शब्दाइतके वजन दुसऱ्या कशालाच नव्हते.

या राज्यात सगुणा आणि चिमा नावाच्या जुळ्या बहिणी राहत. दोघी लहानखुऱ्या, दोघी आता उतारवयाच्या. एकाच कारखान्यातून एकाच सकाळी बाहेर पडलेल्या. सगुणा घटकाभर आधी, म्हणून ती ताई. रंग एक, बांधा एक, वळणावर कण्हायची खोडही एक. तरी चिमा दरवर्षी हसतखेळत पास होई आणि सगुणा कशीबशी. एका वर्षी तर तेही जमले नाही.

“उजवा दिवा मिणमिणतोय, डावा आभाळाकडे बघतोय,” रोलर म्हणाला. “बाजूला हो, पोरी.”

सगुणा बाजूला झाली आणि तिथूनच तिने चिमाच्या कपाळावर पट्टा ओढला जाताना पाहिला. तिच्या पोटातले पाणी उकळू लागले. एकाच साच्यातल्या आपण. मग हिच्यात काय वेगळे ओतले होते? चिमाचे वागणे तर तिला भित्रेपणाचे वाटे. जरा कुठे खडखडले की ही निघाली दुरुस्तीच्या क्रेनकडे. खड्डा दिसला की ही हळू होणार, अंगाला चिखल लागला की त्याच दिवशी पोटाखालून धुणार. सगुणा खड्ड्यांना भीत नसे.

त्या वर्षी चिमा समुद्रावरून परतली की ताईजवळ येऊन उभी राही आणि लाटांच्या गोष्टी सांगे. तिच्या टायरांत अडकलेली वाळू बघूनही सगुणाचा जीव जळे. शेवटी तिने विचारलेच.

“चिमे, तुझे दिवे मला दे.”

“आणि मी गं, ताई?”

“माझे तू घे. तुला काय, तू कशीही पास होतेस.”

चिमा थोडी थबकली, मग बरे म्हणाली. गावातली सगळी दुरुस्ती एक जुनी क्रेन करत असे. तिने दोघींचे दिवे उतरवले आणि अदलाबदल करून बसवले.

पुढच्या परीक्षेत रोलरने सगुणाच्या दिव्यांविषयी चकार शब्द काढला नाही. तिचे टायर एका अंगाने झिजून गुळगुळीत झाले होते; त्यांच्याकडे पाहून तो म्हणाला, “बाजूला हो.” मग चिमा पुढे आली. तिने दिवे लावले आणि समोरचा रस्ता दूरवर उजळला. काच लख्ख होती, उजेड सरळ जमिनीवर पडत होता.

“ते दिवे माझे आहेत!” सगुणा सगळ्यांदेखत ओरडली.

“असतील,” रोलर म्हणाला. “आत्ता तिच्यापाशी आहेत.”

त्या दिवशी सगुणाची खात्रीच पटली, की धाकटीने आपल्याला फसवले. चांगले दिवे गोड बोलून काढून घेतले आणि स्वतःचे आपल्या गळ्यात मारले. मागणी आपणच केली होती, हे तिला आठवत होते. पण त्याने तिचा राग वाढलाच.

आता तिसरी परीक्षा. माळाच्या दिशेने वारा आला, की गंजाचा वास येई. परीक्षेच्या आदल्या दिवशी सगुणा चिमाकडे गेली आणि या वेळी तिने काही म्हणता काही सोडले नाही. टायर, स्प्रिंगा, ब्रेक, पाणी पुसायचे वायपर, धुराचे नळकांडे, सगळे मागितले. दिवेही परत मागितले.

दोघी क्रेनपुढे जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा क्रेनचा हात वरच्या वर थांबला. “चिमे, हे कशापायी करतेस? उद्या तुलाच बाजूला काढतील.”

“मी एकदाच नापास होईन,” चिमा म्हणाली. “ताई तिसऱ्यांदा झाली तर माळावर जाईल. मग मी वळणावर कण्हले, तर काय गं झालं म्हणून विचारणार कोण?”

सगुणाने ते ऐकले. एक क्षण तिचे इंजिन मऊ झाले. मग तिच्या मनात आले, हिला बोलता तरी किती छान येते!

दुसऱ्या दिवशी सगुणा पास झाली. ब्रेक दाबताच ती जागच्या जागी थांबली, धूर नाही, खडखड नाही. तिच्या कपाळावर ओला पांढरा पट्टा ओढला गेला आणि कौतुकाच्या अपेक्षेने ती वळली. मागे कुणीच नव्हते. चिमा नापास झाली, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली होती आणि सगळे तिच्याभोवती जमले होते. म्हाताऱ्या बसबाई तिला समजावत होत्या. एरवी कुणाशी न बोलणारा टँकर तिला म्हणत होता, “वर्षाचाच प्रश्न आहे, चिमाताई. बघता बघता जाईल.”

सगुणा कपाळावरचा चुना वाळेपर्यंत तिथेच उभी राहिली. आपल्या पास होण्यापेक्षा हिच्या नापास होण्याला मोल होते! हिचे दिवे आपल्याकडे, हिचे टायर आपल्याकडे. मग हिच्याकडे आणखी काय उरले आहे, की जग अजून तिकडेच धावते?

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर तिने तेही मागितले.

“तुझं नाव दे मला.”

“नाव घेऊन काय करशील, ताई?”

“सगळे किती मायेने घेतात ते! माझं नाव कुणी तसं घेतं का?”

त्या राज्यात नाव म्हणजे छातीवरची पत्र्याची पाटी. क्रेनने दोन्ही पाट्यांचे स्क्रू काढले आणि त्या बदलून लावल्या.

थोरली चिमा होऊन घाट उतरली. समुद्र पाहिला, वाळू तुडवली, वळणे भरधाव घेतली. ब्रेक एका बाजूला ओढू लागला, तेव्हा तिने सुकाणू दुसऱ्या बाजूला धरले. धाकटी सगुणा होऊन वेशीच्या आत राहिली. एक एक खडखड ऐकत ती क्रेनकडे जाई, आणि जाता-येता कुणी तिला सगुणाताई म्हणून हाक मारली, की थांबून बोले.

पाऊस सरला. घाटाच्या तोंडाशी रोलरने नाव पुकारले, “चिमा!”

थोरली पुढे झाली. रोलरने तिला चालवून पाहिले, थांबवून पाहिले. ती डावीकडे ओढत थांबली. मागून काळा धूर आला. डाव्या दिव्यात पाणी साचले होते.

“बाजूला हो.”

ती बाजूला झाली. मग कितीतरी वेळाने धाकटीचीही परीक्षा झाली आणि पट्ट्यासाठी पुकारा झाला, “सगुणा! पास!”

ते ऐकताच थोरलीची चाके आपोआप अर्धा फेरा पुढे सरकली. तेवढ्यात तिच्या शेजारून धाकटी शांतपणे पुढे गेली. गर्दीतून बसबाई म्हणाल्या, “आमची सगुणा गं ती!” कपाळावर पट्टा ओढून घेऊन धाकटी वळली, आणि तिच्या छातीवरची पाटी उन्हात चमकली.

इतकी वर्षे ती पाटी थोरलीच्या स्वतःच्या छातीवर होती, त्यामुळे तिला ती समोरून कधी दिसलीच नव्हती. अक्षरे ठसठशीत होती, वळणदार होती. तिने ती एकदा वाचली. मग पुन्हा वाचली.

किती सुरेख नाव मिळाले होते हिला!