झिलूला न सापडलेली आगबोट

किनाऱ्यावर आगबोटीचा भोंगा नवा होता, त्या काळात घडलेलं आहे हे. फार वर्षं झाली.

शिरवणं गावच्या खाडीवर झिलू नावाचा तारी होता. होडीतून माणसांना या तीरावरून त्या तीरावर न्यायचं, हे त्याच्या घराण्याचं काम. डोळे मिटून वल्हं मारलं तरी त्याची होडी नेमकी धक्क्याला लागायची, असं म्हणतात.

त्या सुमाराला बाजारात विलायती गिरणीचं कापड आलं आणि वरच्या वाडीतल्या साळ्यांचे माग थांबले. मागोमाग एक मुकादम आला. त्याच्याजवळ सरकारी शिक्क्याचे कागद होते. "मुंबईत गोदीचं काम आहे, चार महिन्यांत परत," असं त्याने सांगितलं आणि लोकांनी अंगठे उठवले. खाडीच्या तोंडाशी आगबोट उभी होती. झिलूने चाळीस माणसं तिच्यावर नेऊन पोचवली. त्यांत त्याची धाकटी बहीण गंगूही होती, नवऱ्याबरोबर.

चार महिने गेले. दोन वर्षं गेली. मग एक खलाशी गावात उतरला आणि झिलूचं घर शोधत आला. म्हणाला, मुंबई कुठली, ती माणसं समुद्रापार मोरस बेटावर, म्हणजे मॉरिशसला, गोऱ्यांच्या मळ्यात ऊस तोडतायत. गंगूने निरोप दिला होता, "दादाक सांग, हंय पोटभर भात गावता. पण हंयसून परत येवक गावणा नाय."

झिलू त्या निरोपाशी बसून राहिला. बहीण सुखात आहे म्हणायची, की कैदेत? आपण तिला तारलं, की बुडवलं? बायकोला विचारलं, देवळात कौल लावला. देवाच्या अंगावरची फुलं डावीकडे पडली नाहीत आणि उजवीकडेही पडली नाहीत, असं म्हणतात.

माघात मुकादम पुन्हा आला. या खेपेला तीस साळी होते आणि सोबत बंदुकीवाला शिपाई. झिलूने धक्क्यावरच सगळं सांगून टाकलं. ऐकून भीमी नावाची साळीण रडायला लागली. "माका नाय जावचा," ती म्हणाली. पण अंगठा उठवलेला होता आणि शिपायाने तिला होडीत ढकललं. तिच्या शेजारी राऊ साळी आपणहून चढला. "भात गावता मां?" तो म्हणाला. "मग बेगीन ने."

झिलूने वल्हं घेतलं. एका माणसाला पोचायचं होतं, एकीला पोचायचं नव्हतं, आणि होडी एकच होती.

खाडीच्या मध्यावर धुकं उतरलं. असं धुकं आधी कुणी पाहिलं नव्हतं. आगबोटीचा भोंगा एकदा समोरून यायचा, एकदा पाठीमागून, एकदा थेट पाण्याखालून. झिलू वल्हवत राहिला. सूर्य माथ्यावर आला, कलला, आणि होडी कशाला तरी लागली. पाहतात तो शिरवण्याचाच धक्का. ओहोटी साधून आगबोट केव्हाच निघून गेली होती.

पुढच्या आगबोटीला पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी गोरा साहेब स्वतः होडीत बसला, मांडीवर होकायंत्र घेऊन. त्या होकायंत्राचा काटा भोवऱ्यासारखा फिरत राहिला, असं म्हणतात. धक्क्यावर उतरल्यावर साहेबाने विचारलं, "मुद्दाम केलंस?"

"म्हायत नाय, सायबा," झिलू म्हणाला.

साहेबाने त्याला कोठडीत घातलं, फटके मारले. तो तेच म्हणत राहिला. आणि ते खरंच होतं. आपले हात मुद्दाम वळले की खाडीनेच वळवले, हे त्याला स्वतःलाही उमगलं नव्हतं. आगबोटी शिरवण्याला थांबेनाशा झाल्या.

झिलू सुटून आला तेव्हा भीमी अबोलीच्या फुलांचा गुंफलेला वळेसर घेऊन उभी होती. तिने तो त्याच्या पायांशी ठेवला. पलीकडे राऊ उभा होता. त्या पावसाळ्यात राऊचे दोन मुलगे उपासमारीने गेले होते. "तू अडवलंस म्हणान गेले," तो म्हणाला आणि थुंकला. झिलूने वळेसर उचलला नाही आणि थुंकीही पुसली नाही. किती तरी वेळ तो एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर त्याने लहान होडी काढली. "गंगूक इचारून येतंय," एवढंच बायकोला सांगितलं. खाडीच्या तोंडाबाहेर भर उन्हात त्याच्याभोवती धुकं आलं आणि होडी दिसेनाशी झाली. तो मोरसला पोचला असं काही जण म्हणतात. काही म्हणतात, अजून वल्हवतोय.

आज खाडीवर लाँच चालते. पण गावातलं कुणी दूरदेशी निघालं की लाँचवाला मध्यावर इंजिन बंद करतो आणि विचारतो, "झिलू इचारता, जावचा हा?" हो म्हटलं तर पलीकडे, नाही म्हटलं तर माघारी. गावात कारण कुणी विचारत नाही. गेल्या वर्षी आखातात निघालेल्या एका नर्सबाईला हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना. लाँच भरतीवर डुलत राहिली. "लवकर सांग" असं एकाही उतारूने म्हटलं नाही.