आंबेखिंडीतली मोजणी

"एकही गाडी येत नसेल, तर बावीस लाखांचं मशीन कुणासाठी उभं करायचं, बुवा?"

कौस्तुभनं वही जमिनीवर आपटलीच.

आंबेखिंडीच्या माथ्यावरच्या मठात नरसूबुवा शेंगा सोलत बसले होते. कौस्तुभ याच मठात राहून शाळा शिकलेला. आता विजेच्या गाड्यांची चार्जिंग स्टेशनं उभारणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. हुशार खराच, त्यात वाद नाही. पण तोरा असा, की समोरच्यानं आधी तो पाहावा आणि मग याला!

तालुक्यात स्टेशन एकच व्हायचं होतं. खिंडीत की शहरात, ते कौस्तुभच्या अहवालावर ठरणार, आणि अहवाल आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा. पहिलंच मोठं काम. मशीन ओस पडलं तर नाव मातीत जाईल, या धास्तीनं बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"नुसतं मशीन नव्हे," तो म्हणाला. "वेगळा ट्रान्सफॉर्मर लागणार, इथवर तारा ओढायच्या. सात दिवस खिंडीत बसून गाड्या मोजल्या. डिझेल-पेट्रोलच्या दोन हजारांवर. विजेची... एक नाही."

"सात दिवस उन्हात बसलास?"

"हो."

"शाबास रे! असं मन लावून काम करणारे हल्ली दिसतात कुठे?"

बुवा मनापासून बोलले होते. कौस्तुभ सुखावला.

जेवणाची वेळ झाली. मठाच्या रिवाजाप्रमाणे बुवा रस्त्याच्या कडेला गेले आणि तीनदा हाक मारली, "कुणी जेवायचं राहिलंय का हो?"

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

कौस्तुभला हसू आवरेना. "रस्ता रिकामा आहे, बुवा. हाक कुणाला मारता?"

"रिकामा आहे म्हणून तर मारायची. माणसं पानावर बसलेली असती, तर सरळ वाढायलाच लागलो असतो."

गप्प बसेल तो कौस्तुभ कसला! "उरलेला भात गाय तरी खाते. ट्रान्सफॉर्मर कोण खाणार?"

बुवा खो खो हसले. "हे मात्र बिनतोड!"

दोघं जेवायला बसले.

"आज आलास कशानं?" बुवांनी विचारलं.

"वडापच्या जीपनं."

"कंपनीनं गाडी दिलीय म्हणाला होतास."

"दिलीय की, विजेचीच. पायथ्याच्या गावात ठेवली."

"का रे?"

"घाट चढताना बॅटरी भराभर उतरते, बुवा. वर आल्यावर चार्ज करणार कु..."

घास हातातच राहिला.

बुवा शांतपणे ताक ओतत होते. "सातही दिवस जीपनंच आलास?"

"सातही दिवस..."

कौस्तुभनं वही ओढली आणि आपल्याच हातानं काढलेल्या त्या शून्याकडे पाहत राहिला. लाज वाटली त्याला. आणि या म्हाताऱ्याचं कौतुक असं दाटून आलं, की उठून पाय धरावेत.

"बुवा," तो हळूच म्हणाला, "आणि उभारूनही कुणी आलंच नाही तर...?"

बुवांनी त्याच्या पानात आणखी भात वाढला.

"एक गाडी आठवडाभर खाली खोळंबलीय. आधी ती तर वर येऊ दे."