अत्तरवाल्याच्या दारात राजांचा घोडा

मेहरू नालबंदाच्या दुकानापुढे बैल येऊन थांबला रे थांबला, की कोतवालाचे शिपाई त्याला हाकत थेट कोंडवाड्यात नेत. आता नाल ठोकून घ्यायला नालबंदाकडे माणूस बैल घेऊन नाही येणार, तर काय बैलाचे पाय धोतरात गुंडाळून आणणार? पण नियम म्हणजे नियम. एकदा निंबळगडच्या पेठेत राजांची पालखी गाड्यांच्या गर्दीत अडकली होती. तेव्हापासून कुठल्याही दुकानापुढे जनावर थांबवायला बंदी होती.

शेजारी, भिंतीला भिंत लावून, त्रिंबकशेठ अत्तरवाल्याचं दुकान. त्याच्यापुढे मात्र जहागीरदारांचे घोडे सकाळपासून दुपारपर्यंत निवांत शेपट्या हलवत उभे असत. तिकडे शिपायांची मान वळतच नसे. कारण त्रिंबकशेठ हा कोतवालाचा सख्खा मेहुणा, आणि कोतवालाच्या कानात रोज त्याच्याच दुकानातला ताजा फाया असे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! शिवाय मेहरूचं दुकान उठलं तर मधली भिंत पाडून आपण ऐसपैस व्हायचं, हे शेठच्या मनात केव्हापासून होतं.

मेहरूच्या वडिलांचा, दस्तगीरचाचांचा, उजवा हात एका खोंडाने लाथ मारून मोडला होता. तेव्हापासून हातोडा मेहरूने उचलला. पोरीचा हात बापापेक्षा सफाईदार, पण उपयोग काय? कोंडवाड्यातला बैल संध्याकाळी सुटे, तोवर शेतकऱ्याचा दिवस बुडालेला असे. तो पुन्हा येईना. पंधरा दिवस भट्टी पेटली नाही, तेव्हा मेहरूने ओढणी सारखी केली आणि ती दरबारात जाऊन उभी राहिली.

राजे हट्टी. स्वतः काढलेला नियम त्यांना पोटच्या पोरासारखा. मेहरूने सगळं सांगितलं. कोतवालाने छातीवर हात ठेवून सांगितलं की आपल्याकडे डावं-उजवं नाही, पेठेत सगळ्यांना एकच काठी. राजांनी मिशीला पीळ दिला.

“पोरी, उद्या माझ्या घोड्याला चार नवे नाल ठोकायचे. घोडा तुझ्या दुकानापुढे घटकाभरही थांबता कामा नये. आणि तूही तुझ्या पायरीखाली पाऊल टाकायचं नाही. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर दुकान त्रिंबकशेठच्या हवाली कर.”

दरबार हसला. कोतवाल तर फाया पडेपर्यंत हसला. दस्तगीरचाचांनी घरी आल्यावर ऐरण पुसायला घेतली, जशी काही ती उद्या दुसऱ्याच्या घरी द्यायची होती. मेहरूला ते बघवेना. ती म्हणाली, “अब्बा, पुसताय कशाला? सकाळी लागणार आहे ती.”

सकाळी पेठेत जत्रा लोटली. राजे पालखीतून आले, मागून मोतद्दार राजांचा अबलख घोडा घेऊन आला. मेहरू भट्टी पेटवून पायरीच्या अगदी कडेला, शेजारच्या बाजूने बसली होती. तिने हात करून मोतद्दाराला सांगितलं, “काका, घोडा शेठच्या दारात उभा करा. शेपूट माझ्याकडे, तोंड तिकडे.”

घोड्याचे मागचे पाय बरोबर तिच्या मांडीपाशी आले. तिने एक पाय उचलला, खूर तासला आणि तापून लाल झालेला नाल त्यावर टेकवला. चर्र झालं! जळक्या खुराचा पिवळा धूर उठला आणि सरळ अत्तराच्या दुकानात शिरला. आत मोगरा, हिना, केवडा सगळे एका झटक्यात मेले. गिऱ्हाइकं पदर-उपरणी नाकाला लावून बाहेर पळाली. मेहरूने मागचे दोन नाल ठोकले, घोडा वळवायला सांगितला आणि पुढच्या पायाला हात घातला.

त्रिंबकशेठ खोकत खोकत बाहेर आला. घोडा कुणाचा हे बघायचंही भान त्याला नव्हतं. “दाजी,” तो कोतवालावर ओरडला, “बघता काय? न्या हे जनावर कोंडवाड्यात!”

कोतवालाचं इकडे आड तिकडे विहीर झालं. राजे शांतपणे म्हणाले, “बरोबर बोलतोय तो. नियम आहे. नेत का नाहीस?”

राजांच्या घोड्याला हात लावायचा म्हणजे मान गेली! घाबरलेल्या कोतवालाच्या तोंडून खरं तेच निसटलं. “सरकार, शेठच्या दारातलं जनावर आम्ही कधीच नेत नाही. पाच वर्षांत एकही नेलेलं नाही.”

मेहरूने चौथ्या नालाचा शेवटचा खिळा ठोकला आणि मान वर केली.

“म्हणून तर घोडा तिथं उभा केला, सरकार. सगळ्या पेठेत तुमचा नियम लागू नाही अशी तेवढीच एक जागा आहे.”

राजांनी कोतवालाकडे पाहिलं, धुरातल्या शेठकडे पाहिलं आणि ते असे खदखदून हसले की पालखीचे भोई डळमळले. डोळे पुसत त्यांनी जाहीर केलं की आजपासून नालबंदाच्या दारात जनावर थांबेल. मग म्हणाले, “हा झाला न्याय. बक्षीस अजून बाकी आहे. माग.”

“नाल मारताना जनावर धरायला एक दणकट माणूस लागतो, सरकार. अब्बांचा हात मोडल्यापासून आमच्याकडे तो नाही. कोतवालसाहेबांना जनावरं ओढायची चांगली सवय आहे.”

राजे पुन्हा हसले. “वर्षभरासाठी दिला!”

दुसऱ्या दिवशी कोतवाल पहिल्या बैलाचा पाय धरून भट्टीच्या धुरात बसला, तेव्हा फाया त्याच्या कानात नव्हता. त्याने तो दोन्ही नाकपुड्यांत वाटून घातला होता.